नववा गट

रक्तपेढीच्या नोंदणीच्या खिडकीमागे माई इतकी वर्षं बसली होती की नवे डॉक्टरसुद्धा कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते तिलाच विचारायचे. रक्त द्यायला आलेल्याचं नाव-गाव लिहून घ्यायचं, आधी कधी दिलंय ते बघायचं, सुई बघून पांढरा पडलेल्याला चार गोष्टी सांगून हसवायचं, हे तिचं काम. कॉम्प्युटर तिला येत होता, म्हणजे लागायचा तेवढा येत होता. रकाने भरायचे, छापायचं बटण दाबायचं, आणि पडदा गोठला की खालून वायर काढून परत लावायची.

मग वरून आदेश आला. प्रत्येक रक्तपेढीने आपल्या सगळ्या रक्तदात्यांची माहिती मध्यवर्ती नोंदणीकडे पाठवायची, म्हणजे कुठल्याही गावातल्या रुग्णाला कुठल्याही गावातला दाता शोधता येईल. माहिती पाठवायची ती ‘एक्सएमएल’ नावाच्या रूपात. पेढीतली कॉम्प्युटरवाली मुलगी दुसरी नोकरी धरून गेली होती आणि तिच्या जागी कोणी आलं नव्हतं. मुख्य डॉक्टरांनी कागद माईच्या टेबलावर ठेवला.

“माई, कसंही करा, पण या आठवड्यात फाइल गेली पाहिजे. वरून रोज फोन येतायत.”

“डॉक्टर, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मला तरी कुठे कळतंय?” असं म्हणून डॉक्टर निघूनही गेले.

माईने तो कागद दोनदा वाचला आणि तिच्या मनात जावई आला.

लेक आणि जावई सहा-सात महिन्यांपासून तिच्याकडेच राहत होते. जावयाची सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी गेली होती. कंपनीने एका सकाळी अर्ध्या मजल्याला घरी पाठवलं, त्यात हाही होता. तेव्हापासून तो माईच्या घरात पाहुण्यासारखा वावरायचा. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायचा, दार न वाजवता लावायचा, आणि लेक दुकानात कामाला गेली की दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून अर्ज पाठवत राहायचा. माईला ते बघवत नसे. घरजावई हा शब्द तिने तोंडातून कधी काढला नव्हता, पण शेजारीण काढून गेली होती, आणि तो त्याने ऐकला होता.

म्हणून संध्याकाळी मटार सोलायला बसताना ती मुद्दाम म्हणाली, “जावईबापू, माझ्या एका कामात तुमची मदत हवी होती. जमेल का?”

त्याने कागद वाचला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला.

“आई, हे अगदी सोपं आहे. तुम्हालाच शिकवतो. तुमची तुम्ही कराल.”

“म्हातारपणी?”

“मटार सोलता सोलता.” त्याने खुर्ची पुढे ओढली. “आता बघा. मी तुम्हाला एका चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘पंचेचाळीस’. काय कळलं?”

“काय कळणार? वय असेल, वजन असेल, नाहीतर घराचा नंबर.”

“बरोबर. माणूस अंदाज तरी करतो, मशीन तेवढंही करत नाही. म्हणून प्रत्येक माहितीला आपण नाव देऊन ठेवायचं. तुमच्या फळीवर डबे आहेत ना, एकावर साखर लिहिलंय, एकावर मीठ? तसंच. ह्या नावाला टॅग म्हणतात. आधी उघडायचा टॅग, मग आतली माहिती, मग बंद करायचा टॅग. बंद करताना एक तिरकी रेघ.”

त्याने जुन्या पाकिटाच्या मागे लिहून दाखवलं:

<वय>पंचेचाळीस</वय>

“एवढंच?” माई म्हणाली.

“एवढंच. आता मोठ्या डब्यात छोटे डबे ठेवा. बाहेरचा डबा दात्याचा. त्यात नावाचा, वयाचा, रक्तगटाचा, फोनचा. प्रत्येक माणसाचा एक मोठा डबा. सगळ्या माणसांचे डबे मिळून एक पेटी. नियम एकच, जो डबा आत आहे त्याचं झाकण आधी लागलं पाहिजे. मोठ्याचं झाकण लावून मग छोट्याचं लावायला गेलात की मशीन रुसतं.”

“माझ्या सासूबाई अशाच होत्या.”

तो मोकळेपणाने हसला. आतल्या खोलीतून लेकीने डोकावून पाहिलं, की हा हसला कोण.

मग त्याने सांगितलं की असं का करायचं. एका पेढीत आडनाव आधी लिहितात, दुसरीकडे नाव आधी. एक जण तारीख दिवसापासून लिहितो, दुसरा वर्षापासून. स्वल्पविराम घालून माहिती पाठवावी, तर लोकांच्या पत्त्यातच चार स्वल्पविराम. टॅग लावले की कोणाचंही मशीन वाचू शकतं, आणि पुढे कधी माणसालाही उघड्या डोळ्यांनी वाचता येतं. “शिवाय वरच्या लोकांनी एक नियमांची फाइल दिली आहे,” तो म्हणाला. “कुठले डबे हवेत, कुठल्या डब्यात काय चालेल, ते त्यात असतं. आपली फाइल त्या नियमांना ताडून बघायची. चुकलं तिथे लाल रेघ येते.”

दुसऱ्या दिवशी माईने दात्यांची माहिती पेन ड्राइव्हवर घेतली आणि पर्समध्ये टाकून घरी आणली. पेढीबाहेर माहिती न्यायची नाही, अशी पाटी तिच्याच खिडकीमागे लावलेली होती. ती तिला दिसली नाही असं नाही. पण घरातलंच माणूस आहे, उद्या परत आणते, असं तिने स्वतःला सांगितलं.

जावयाने रकान्यांची माहिती टॅगमध्ये बसवून दिली. माईने शेजारी बसून पहिले काही दाते स्वतःच्या हाताने केले. एकदा झाकण लावायचं राहिलं आणि पडदा लाल झाला तेव्हा तिने कानाला हात लावला. नंतर तिचे डोळे दुखू लागले. ती भात लावायला उठली. स्वयंपाकघरातून तिने विचारलं, “झालं का हो?”

“झालं, आई. एक-दोन किरकोळ लाल रेघा होत्या, केल्या नीट. आता एकही चूक नाही.”

“देव पावला,” माई म्हणाली, आणि कुकरची शिटी काढली.

फाइल गेली. वरून उत्तर आलं की स्वीकारली. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत म्हटलं, “माईंनी करून दाखवलं बघा.” माईने घरी येऊन ते जसंच्या तसं जावयाला सांगितलं. त्या दिवशी त्याने न विचारता दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, आणि माईला वाटलं, चला, एका दगडात दोन पक्षी.

महिना-दीड महिना असाच गेला.

पेढीचा एक जुना दाता होता, धंद्याने प्लंबर. बडबड्या माणूस. त्याचा रक्तगट फार दुर्मिळ होता. साध्या तपासणीत तो ओ पॉझिटिव्ह दिसायचा, पण होता वेगळाच. अशा माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, त्याच्यासारख्याच दुसऱ्या कोणाचं लागतं, आणि असा माणूस दहा हजारांत एखादा. प्लंबरला त्याचा भारी अभिमान. “आमचा माल दुकानात मिळत नाही, माई,” असं तो दर वेळी म्हणायचा.

त्या दिवशी तो आला तो खिडकीशी न थांबता सरळ आत आला.

“माई, माझं नाव यादीतून काढून टाकलंत काय?”

“काय झालं? बसा तरी.”

“बसायला नाही आलो. मी आत्ता कुठून येतोय माहीत आहे? पलीकडच्या जिल्ह्याच्या दवाखान्यातून. एक बस ड्रायव्हर आहे, माझ्याच गटाचा. बस उलटली, पाय चेंदामेंदा झाला. ऑपरेशन करायचं तर रक्त नाही. तुमच्या त्या मध्यवर्ती नोंदणीत विचारलं तर उत्तर काय, तर या गटाचा एकही दाता नाही. एकही नाही! मग मी काय मेलो होतो?”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“ज्या बाईकडे मी मोरी दुरुस्त करत होतो तिच्या फोनवर मेसेज आला. कोणी तरी कोणाला, त्याने तिसऱ्याला, असा फिरत फिरत. मोरी तशीच टाकून गेलो. दिलं रक्त.” त्याचा आवाज खाली आला. “पण पाय गेला हो त्याचा. गुडघ्याखाली कापला. त्याची बायको मला सारखी म्हणत होती, तुम्ही चार दिवस आधी का नाही आलात? मी काय सांगणार तिला?”

माई उठली. तिने त्याला पाणी दिलं, चहा मागवला, आणि तो गेल्यावर पाठवलेली फाइल उघडली. आता तिला ती वाचता येत होती. प्लंबरचा मोठा डबा सापडला. नाव बरोबर. वय बरोबर. फोन बरोबर. आणि रक्तगटाच्या दोन टॅगांच्या मध्ये स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं, ओ पॉझिटिव्ह.

पेढीच्या मूळ नोंदीत ‘दुर्मिळ, ओ नव्हे’ असं होतं. ते तिनेच भरलेलं होतं.

घरी पोचेपर्यंत तिला वाटत होतं, आपलाच काही तरी गैरसमज असेल. जावई टेबलाशी होता. चार दिवसांपूर्वीच त्याला एका कंपनीचं बोलावणं आलं होतं, नोकरी जवळजवळ पक्की होती, आणि घरात पुन्हा मोठ्याने बोलणं सुरू झालं होतं.

“त्या फाइलमध्ये तुम्ही कोणाचा रक्तगट बदललात का हो?”

तो विचारात पडला. “एका ठिकाणी गटाच्या जागी शेरा लिहिला होता. नियमांत आठच गट होते, आई. ए, बी, एबी, ओ, प्रत्येकाचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. नववं काही चालतच नव्हतं. त्या एका ओळीपायी अख्खी फाइल परत आली असती. मग पुढच्या रकान्यात बघितलं, तर पहिल्या तपासणीत ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं. मला वाटलं, कोणी तरी गटाच्या जागी चुकून शेरा टाकलाय. तेच उचलून घातलं.”

“मला विचारलं का नाहीत?”

“सांगितलं होतं की. एक-दोन किरकोळ म्हणून.”

“किरकोळ!” माई म्हणाली, आणि तिने त्याला ड्रायव्हरची सगळी हकिकत सांगितली.

जावई ऐकत होता. मग तो एकदम चिडून बोलू लागला, की नियम ज्यांनी लिहिले त्यांची चूक आहे, दुर्मिळ गटाला जागाच ठेवली नाही तर माणूस करणार काय, आणि मी काही डॉक्टर नाही. बोलणं खोटं नव्हतं. पण तो ज्या तऱ्हेने बोलत होता ते माईला ऐकवेना.

लेक दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“आई, उद्या तू डॉक्टरांना काय सांगणार आहेस?”

“जे झालं ते.”

“ह्याचं नाव नको घेऊस. आत्ता कुठे नोकरी मिळतेय. तिथे चौकशी करतात, आई. दुसऱ्यांची माहिती घरी बसून हाताळली म्हटल्यावर कोण ठेवून घेईल ह्याला? आणि फाइल घरी तूच आणलीस ना?”

“मीच आणली.”

“मग झालं तर. तू म्हण, माझ्याकडून टाइप करताना चुकलं. तुला कोण काय करणार आहे? सगळे मानतात तुला.”

खरं तर वाटेत माईने स्वतःही हेच ठरवलं होतं. आपल्या वयाच्या बाईकडून चूक झाली म्हटलं की लोक माफ करतात. पण आता तिला दुसरंच काही टोचत होतं.

“तुम्ही एक-दोन म्हणालात,” ती जावयाला म्हणाली. “एक हा. दुसरा कोणता?”

“आठवत नाही.”

“मग मी कसं सांगू, की मी केलं? मला विचारतील, आणखी कुठे चुकलं? मी काय दाखवू?”

लेक आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माई पेढी उघडायच्या आधीच जाऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसली. डॉक्टर आल्यावर तिने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. पेन ड्राइव्ह घरी नेला, फाइल दुसऱ्या माणसाने केली, तिने न वाचता पाठवली.

“दुसरा माणूस म्हणजे कोण?”

“माझे जावई.”

डॉक्टर कपाळ धरून बसले. “माई, तुम्ही? तुम्ही असं करावं?” मग त्यांनाच काही तरी आठवलं असावं. कसंही करा, असं कोण म्हणालं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी नजर टेबलावर वळवली आणि फोन उचलला.

मध्यवर्ती नोंदणीतल्या माणसाने शांतपणे सांगितलं की त्या जागी आठच गट चालतात, तुम्ही ओ पॉझिटिव्हच ठेवा आणि शेरा वेगळा मेल करून पाठवा, दुर्मिळांची यादी आम्ही निराळी ठेवतो. डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की बाहेर रांगेतले लोक मान वळवून बघू लागले. “अहो, त्याला ओ चालत नाही! माणूस मरेल ओ दिला तर! तुमच्या पेटीत खण नाही म्हणून आम्ही माणसाचं रक्त बदलायचं काय?” पलीकडचा म्हणाला, तसं काही आढळलं तर आम्हाला फोन करायला हवा होता. म्हणजे चूक पुन्हा इकडेच आली.

मग जावयाला पेढीत बोलावलं. तो आला. माईला वाटलं होतं, येणार नाही. मूळ नोंद एका पडद्यावर आणि पाठवलेली फाइल दुसऱ्यावर लावून दोघं बसली. ती वाचायची, तो ताडून बघायचा. दुसरा बदल अखेर सापडला. एका कॉलेजच्या मुलीच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे होते, ते त्याने सुलटे केले होते. निरुपद्रवी. तो दिसल्यावर जावयाने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

चौकशी झाली. माईची खिडकी काढून घेतली आणि तिला सामानाच्या खोलीत बसवलं. पिशव्या मोजायच्या, कापूस द्यायचा. जावयाचा लेखी जबाब झाला. त्याने नव्या कंपनीला स्वतःच सगळं कळवलं. त्यांनी त्याला घेतलं, पण ठरलेल्या जागेपेक्षा खालच्या जागेवर. लेक आईशी कामापुरतं बोलत होती. नोंदणीच्या नियमांत ‘इतर’ नावाचा नववा पर्याय यायचा होता. पुढच्या आवृत्तीत, असं पत्र आलं.

सगळ्यांनी माईला सांगितलं की आता विसरा. तिथले सर्जन म्हणाले होते की चार दिवस आधी रक्त मिळालं असतं तर पाय वाचला असता की नाही, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित वाचला असता. त्या एका ‘कदाचित’पायी माईला विसरता येईना. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती ड्रायव्हरला भेटायला निघाली. चपला घालताना मागून जावई म्हणाला, “मीही येतो.”

दवाखान्यापर्यंत दोघं बरोबर गेली. जिन्यापाशी जावई थांबला. “तुम्ही व्हा पुढे. मी इथेच आहे.” माईने आग्रह केला नाही.

वरच्या लांब खोलीत ड्रायव्हर उशीला टेकून बसला होता. रुंद खांद्यांचा, तिच्या धाकट्या भावाएवढा माणूस. पांघरूण एका बाजूला मधूनच सपाट झालेलं. बायको शेजारी स्टुलावर. माईने आपण कोण ते सांगितलं, आणि जे झालं तेही, पहिल्यापासून. मशीन, नियम, आठ गट, हे सांगताना ते सगळं तिला स्वतःलाच पोरकट वाटू लागलं, म्हणून तिने ते आवरलं. “तुमच्या गटाचा माणूस आमच्याकडे होता,” ती म्हणाली. “आम्ही तो चुकीचा लिहिला. म्हणून तुम्हाला सापडला नाही.”

ड्रायव्हरने भिंतीकडे तोंड केलं.

बायको मात्र बोलली. आवाज न चढवता बोलली. “बाई, तुम्ही हे आम्हाला का सांगितलंत? कालपर्यंत आम्ही म्हणत होतो, नशीब. नशिबाशी भांडता येत नाही, गप्प बसता येतं. आता ह्यांनी रोज सकाळी उठून काय म्हणायचं? तुम्ही ओझं इथे ठेवून चाललात. आम्ही कुठे ठेवू?”

माई क्षमा मागायची म्हणून आली होती, तो शब्दही तिला आता लबाडीचा वाटला. तिने हात जोडले आणि ती जिना उतरून खाली आली.

जावई कठड्याला धरून उभा होता. “काय म्हणाले?”

“ते काही बोलले नाहीत. ती बोलली.” आणि बायकोचं बोलणं तिने त्याला शब्दन् शब्द सांगितलं. गाळलं काही नाही.

“माझं नाव सांगितलंत?”

“नाही. आम्ही म्हटलं. आम्ही चुकीचा लिहिला, असं.”

“आता मी गेलो तर ती आणखी चिडेल.”

“चिडेल.”

“हाकलून देईल.”

“देईलही.”

त्याने शर्ट उगीचच नीट केला आणि एकेक पायरी चढत वर गेला. माई जिन्याखालच्या बाकावर बसली. लोक येत-जात होते, कोणी डबा घेऊन, कोणी औषधं घेऊन. ती वरून काही ऐकू येतंय का म्हणून कान देऊन होती, पण भांडण नाही, रडणं नाही, काहीच ऐकू येईना. बराच वेळ झाला तरी जावई खाली आला नव्हता, आणि माई वाट बघत होती.